रेडिमेड कपाटातला हँगरचा रॉड कोसळला, जाड रॉड कुठे मिळेल?

दुपारचा_चहा | रविवार, सकाळी ९.१०

काल रात्री अडीचला घरात धाडकन आवाज झाला. नवरा म्हणाला मांजर, मी म्हणाले चोर. लाइट लावून बघतो तर कपाटाचं दार आतून ढकललं गेलेलं, हँगरचा रॉड एका बाजूने लोंबकळतोय आणि जमिनीवर कपड्यांचा ढीग. सासूबाईंच्या तीन पैठण्या सगळ्यात खाली. त्या स्वतः मात्र गाढ झोपेत होत्या, म्हणून निदान सकाळपर्यंत शांतता मिळाली.

कपाट दीड वर्षापूर्वी ऑनलाइन मागवलेलं. खोक्यात सुटे भाग येतात, सोबत स्क्रूची पुडी आणि ती वाकडी षटकोनी चावी, त्यातलं. तीन दारं आहेत. दोन दारांच्या मागे रॉडचा मोठा खण, तिसऱ्यामागे कप्पे. बोर्ड पार्टिकलचा, जाडी १५ मिलिमीटर. आम्ही खराडीत भाड्याने राहतो, त्यामुळे भिंतीतलं कपाट करून घेणं शक्य नाही.

ओळखीच्या सुतारांना फोन केला तर म्हणाले, "ताई, ते भुशाचं कपाट आहे, त्यात काही टिकत नाही, द्या टाकून." मला टाकायचं नाहीये. फक्त जाडजूड, मजबूत रॉड हवाय. पुण्यात कुठे मिळेल? गोल घ्यावा की तो चपटा अंड्यासारखा असतो तो?

---

उगाच_एक | रविवार, सकाळी ९.३२

सुतार बरोबर बोलतोय. गोदरेजचं लोखंडी कपाट घ्या. आमच्या आईच्या लग्नातलं आहे, अजून त्याचा रॉड जागचा हललेला नाही. दोनदा घर बदललं, एकदा पुराचं पाणी शिरलं, तरी.

---

रानजाई | रविवार, सकाळी ९.४०

रुमाल टाकून ठेवते. आमचाही रॉड मधोमध केळीच्या पानासारखा वाकलाय. पडायची वाट बघतोय.

---

बावधनकर | रविवार, सकाळी १०.०५

रविवार पेठेत बोहरी आळीत जा. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) इंची पाइप फुटावर कापून देतात. सॉकेटही (रॉडचं टोक धरणारी वाटी) तिथेच. चुंबक घेऊन जा. चिकटला तर भेसळ, नाही चिकटला तर ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) समजा.

---

सूतभर | रविवार, सकाळी ११.१५

थांबा. दुकानात जायच्या आधी चार गोष्टी बघून इथे लिहा.

पडलेला रॉड वाकलाय का, की सरळच आहे?
सॉकेट तुटलं, की त्याचे स्क्रू बोर्डातून उपटून आले?
खणाची आतली रुंदी तळाशी किती आणि रॉडच्या उंचीवर किती? दोन्ही मोजा, सुतापर्यंत (इंचाच्या आठव्या भागापर्यंत) मोजा.
मागचा पातळ पत्रा (प्लाय म्हणतात, असतो तीन मिलिमीटरचा एमडीएफ) खिळ्यांतून सुटलाय का?

आणि कपड्यांचं वजन करा. अंदाज नको.

---

दुपारचा_चहा | रविवार, दुपारी १.२०

सूतभर दादा, तुमच्यामुळे रविवारचा स्वयंपाक नवऱ्याकडे गेला, धन्यवाद.

रॉड सरळ आहे. जमिनीवर ठेवून लोळवला, अगदी किंचित डुगडुगतो. गोल आहे, १९ मिलिमीटर. आतून पोकळ आणि पत्रा फारच पातळ, कडेला नखाने दाबला तर दबेल असं वाटतं.

डावं सॉकेट जागेवर आहे. उजव्याचा एक स्क्रू बोर्डात तिरका लटकतोय, दुसरा खाली पडला, त्याच्यासोबत चमचाभर भुसा. सॉकेट प्लास्टिकचं, वरून उघडं, इंग्रजी यू सारखं.

रुंदी तळाशी ३४ इंच. रॉडच्या उंचीवर ३४ इंच ३ सूत! मला वाटलं टेप चुकला, दोनदा मोजलं.

मागचा पत्रा मधल्या भागात एका बाजूने सुटलाय, हात घातला तर भिंत लागते.

कपडे पिशव्यांत भरून बाथरूमच्या काट्यावर ठेवले. ३१ किलो. मला वीससुद्धा वाटले नव्हते. पैठण्या प्रत्येकी पाऊण किलोच्या वर, आणि नवऱ्याच्या जीन्स सातशे ग्रॅमच्या. त्या त्याने हँगरला का लावाव्यात हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

---

सूतभर | रविवार, दुपारी २.४०

मग रॉडला दोष देऊ नका. तो सरळ आहे, म्हणजे त्याने सोसलं. कपाट पोट काढून उभं होतं, त्यामुळे रॉड निसटला.

काय झालं ते सांगतो. बाजूच्या दोन फळ्या सहा फूट उंच, पंधरा मिलिमीटर जाड. त्यांना वर टोपीने आणि खाली तळाने धरलंय. मधे धरायला कोणी नाही, फक्त मागचा पत्रा. लोकांना वाटतं तो पत्रा झुरळं येऊ नयेत म्हणून असतो. खरं तर अख्खं कपाट काटकोनात उभं राहतं ते त्याच्या जिवावर. खोक्यासोबत येणारे बारीक खिळे ठोकलेले असतात, ते कपाट दोनदा सरकवलं की ढिले होतात. झाडू मारताना सरकवता ना? पत्रा सुटला की फळ्यांना बाहेर पोट येतं. तुमच्याकडे तीन सूत आलंय, म्हणजे जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर. उघड्या सॉकेटमध्ये रॉड बसतो जेमतेम दहा-बारा मिलिमीटर. तो टोकावर टेकून राहिला. वजन सॉकेटच्या बाहेरच्या ओठावर आलं, स्क्रूला तिरका झटका बसू लागला, प्रत्येक हँगर काढताना थोडा थोडा. पार्टिकल बोर्डात स्क्रू नुसता खाली ओढला तर बराच तग धरतो. हलवत राहिलात तर भोकाचा भुसा होतो.

आता याच सॉकेटवर दोन किलोचा जाड रॉड टाकलात तर पुढच्या वेळी आवाज मोठा येईल, एवढाच फरक.

---

किलोन्यूटन | रविवार, दुपारी ३.३०

सूतभर यांच्याशी सहमत, फक्त रॉडला पूर्ण निर्दोष सोडू नका. गणित केलं.

३४ इंच लांबी, ३१ किलो सारखे पसरलेले. १९ मिलिमीटरचा पाइप, पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास धरला, तर मधे साडेसात मिलिमीटरच्या जवळपास झोळ. कपडे काढले की तो परत सरळ होतो, म्हणून जमिनीवर सरळ दिसला. तरी पोलादाने आपली बरीचशी ताकद खर्च केलेली असते. अजून दहा किलो टाकले असते तर कायमचा वाकला असता.

तेच २५ मिलिमीटर आणि १ मिलिमीटर पत्रा घेतला तर झोळ सव्वादोन-अडीच मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही. म्हणून इंची पाइप घ्याच.

रानजाई, तुमचा खण किती रुंद आहे? सारख्याच दाटीने कपडे लावले तर लांबी दुप्पट झाली की झोळ सोळा पट होतो. उलट मधोमध एक आधार दिला की सोळा पटीहूनही कमी. चार फुटांच्या रॉडला मधे आधार नसेल तर जाडी वाढवून फार काही हाती लागत नाही.

चपट्या अंडाकृती पाइपबद्दल: ३० बाय १५ चा, उभा बसवला तर गोल इंची पाइपपेक्षा थोडा जास्तच ताठ. आडवा बसवला तर त्याच्या एक तृतीयांश. बसवणारे सॉकेट उलटं लावून तो आडवा पाडतात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

---

बावधनकर | रविवार, दुपारी ३.५५

आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिळतो तो? दिसायला छान असतो.

---

किलोन्यूटन | रविवार, संध्याकाळी ४.१०

त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप पोलादापेक्षा तिप्पट वाकतो. जाड भिंतीचा घेतलात तर चालेल, पण दुकानात सहसा पातळच असतो.

आणि चुंबकाबद्दल: २०२ लाही (स्टेनलेसची स्वस्त प्रत) चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. ताठपणात दोघांत काही फरक नाही, गंजण्यात आहे.

---

मिऱ्याचा_वारा | रविवार, संध्याकाळी ५.२५

गंजण्याबद्दल मी बोलते, रत्नागिरीत राहते, अधिकार आहे माझा.

आमच्याकडे खारा वारा थेट घरात. क्रोमचा मुलामा दिलेला लोखंडी रॉड दोन पावसाळ्यांत फोड येऊन सोलतो आणि पांढऱ्या साडीवर तांबड्या रेघा उठतात. २०२ वरही बारीक ठिपके येतात. ३०४ सांगून घ्या, बिलावर लिहून घ्या. पुण्यात एवढी गरज नाही.

दुसरं, पार्टिकल बोर्डाची उघडी कड. जिथे भोक पाडाल, कापाल, तिथे आतला भुसा उघडा पडतो आणि आषाढात दमट हवा पिऊन फुगतो. फुगलेला बोर्ड सुकला तरी पूर्वीच्या जाडीला येत नाही, स्क्रू मात्र सैल होतो. भोकात स्क्रू घालण्याआधी फेविकॉलचा एक थेंब सोडायचा, कडेला मेण किंवा वॉर्निश. माझ्या मिस्त्रींनी शिकवलं.

---

उगाच_एक | रविवार, संध्याकाळी ५.४०

लोखंडी कपाट. सांगून ठेवतो.

---

मिऱ्याचा_वारा | रविवार, संध्याकाळी ५.४३

आमच्याकडचं लोखंडी कपाट खालून जाळीदार झालंय, हवा खेळती राहते. या बघायला.

---

दुपारचा_चहा | रविवार, रात्री ९.१५

😂

बरं, आता नक्की करू काय? माझ्याकडे ड्रिल मशीन आहे (लग्नात आलेलं, तीनदा वापरलेलं). घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. नवरा हाताशी आहे, पण विश्वासाचा नाही.

---

सूतभर | रविवार, रात्री ११.०५

सविस्तर लिहितो. आमच्याकडे वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता, मी नोकरी केली पण शनिवार-रविवार रंध्यावरच गेले. एक वाक्य ते नेहमी सांगायचे, वजनाला पाय द्यावेत, हात देऊ नयेत. स्क्रूवर लटकवलेलं वजन म्हणजे हात. तळापर्यंत उभी केलेली पट्टी म्हणजे पाय. तुमच्या कपाटात आपण रॉडला पाय देणार आहोत.

आधी कपाट रिकामं करा. पूर्ण. भिंतीपासून पुढे ओढा. मागून दोन्ही कर्ण मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे येईपर्यंत कपाट हळूहळू दाबून काटकोनात आणा. जमीन उतरती असेल तर खाली पुठ्ठ्याची पाचर द्या. मग पोट आलेली फळी आत दाबून धरा (हे काम विश्वासाचा नसलेला माणूसही करू शकतो) आणि मागचा पत्रा स्क्रूने पक्का करा. खिळे नकोत. बारीक १६ मिलिमीटरचे स्क्रू, दर सहा इंचांवर एक, आधी दोन मिलिमीटरचं भोक पाडून. फळीची कड पंधरा मिलिमीटरचीच आहे, भोक तिच्या बरोबर मधे पडलं पाहिजे. तिरकं गेलं तर बाहेरचा लॅमिनेट फुटून निघतो.

एवढ्यानेच रुंदी परत ३४ इंच यायला हवी. ती आल्याशिवाय रॉडचं माप घेऊ नका.

आता पाय. १८ मिलिमीटरची प्लाय, तीन इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, तळापासून रॉडच्या थोडं वरपर्यंत. टिंबर मार्केटमध्ये किंवा कुठल्याही प्लायच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांतून कापून मिळतात. पट्टी तळावर घट्ट टेकली पाहिजे, मधे कागदही जाता कामा नये. मग ती बाजूच्या फळीला स्क्रूने जोडायची, वरपासून खालपर्यंत सहा-सात स्क्रू, पण हे स्क्रू फक्त पट्टीला उभं ठेवायला. वजन त्यांच्यावर नाही. शिवाय पट्टीमुळे बाजूची फळीही ताठ होते, पोट येत नाही.

पट्टी टेकते ती तळाची फळी बघा. तिच्याखाली दोन-तीन इंच पोकळी असते. पट्टीच्या बरोबर खाली त्या पोकळीत लाकडाचा गुटका सारा, जमिनीला टेकणारा. हे लोक विसरतात आणि वर्षभराने तळ खचतो.

मग पट्टीच्या तोंडावर बंद फ्लँज (पूर्ण गोल कड्याचं सॉकेट) लावा. उघडं सॉकेट नको. बंद फ्लँजमध्ये रॉड सगळीकडून धरला जातो आणि बाजूने छोटा स्क्रू आवळता येतो. म्हणजे रॉड दोन्ही फळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. आधी तो नुसता टेकलेला होता. फ्लँजचे स्क्रू प्लायमध्ये जाणार, प्लाय त्यांना सोडत नाही.

रॉड मागच्या पत्र्यापासून किती अंतरावर? हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो, त्याच्या निम्म्यात दीड-दोन इंच मोकळीक मिळवा. अकरा इंच ठेवा. आणि रॉडच्या वर किमान दोन-अडीच इंच मोकळे, नाहीतर हँगर उचलून निघत नाही.

---

किलोन्यूटन | रविवार, रात्री ११.३०

छान. एक पर्याय सुचवतो. पट्टीऐवजी फ्लँज थेट बाजूच्या फळीवर, आणि सहा मिलिमीटरचे बोल्ट आरपार. बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर आणि नट. बोल्ट उपटून येऊच शकत नाही. काम अर्ध्या तासाचं.

---

सूतभर | सोमवार, सकाळी ७.२०

उत्तम पर्याय, मी पण केलाय. अडचण दोन. बाहेरून नट दिसतात, आणि कपाट भिंतीला किंवा दुसऱ्या कपाटाला चिकटून असेल तर नट अडतो. आणि बोल्टने उपटणं थांबतं, फळीचं पोट थांबत नाही. खाली ड्रॉवर असतील, पट्टी तळापर्यंत नेता येत नसेल, तर बोल्टच लावा.

जुनं भोक सैल झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या टूथपिक ठासून, रात्रभर वाळवून, कड सपाट कापून परत स्क्रू लावता येतो. पण तो हलक्या वजनाला, मफलर टांगायला. ३१ किलोला नाही.

---

एडिसनची_मामी | सोमवार, सकाळी ८.०५

न्यू जर्सीतून. आमच्याकडे भिंतीच पुठ्ठ्याच्या म्हणाव्या अशा, जिप्समच्या. क्लॉझेटचा रॉड भिंतीत लावलेला, नुसत्या प्लगवर. पहिल्या हिवाळ्यात चार जणांचे कोट टांगले आणि रॉड प्लगसकट जिप्समचा गोळा घेऊन खाली. एकेक कोट दोन किलोला जातो.

इथे भिंतीच्या आत सोळा सोळा इंचांवर लाकडी खांब असतात, स्क्रू त्यातच जायला हवा. आमच्या रॉडच्या जागी खांब नव्हता. शेवटी भिंतीवर आडवी पट्टी टाकली, ती दोन खांबांत स्क्रूने बसवली, आणि त्या पट्टीवर रॉड. म्हणजे सूतभर म्हणतात तसं पाय नाही दिले, पण हात तरी धट्टेकट्टे दिले.

---

रानजाई | सोमवार, सकाळी १०.४०

किलोन्यूटन, आमचा खण पावणेचार फूट. मधे आधार द्यायचा तर वरच्या फळीतून पट्टी खाली सोडू का?

आणि बाबांचा एक प्रश्न आहे, मी फक्त निरोप्या: पाइपात लाकडाचा दांडा ठोकून बसवला तर मजबूत होईल ना?

---

किलोन्यूटन | सोमवार, दुपारी १२.१५

बाबांना सांगा, इंची पाइपात चांगला सागवानी दांडा घट्ट बसवला तरी ताठपणा वाढतो जेमतेम सातवा हिस्सा. त्यापेक्षा पाइपाचा पत्रा एकाऐवजी दीड मिलिमीटरचा घेतला तर चाळीस टक्के वाढतो. लाकूड मधोमध असतं, आणि वाकताना मधल्या भागाला कामच नसतं, सगळं काम कडेच्या धातूला. सव्वा इंची नुसता सागवानी दांडा घेतलात तर तोही या पाइपाच्या निम्म्यानेच ताठ.

वरच्या फळीतून आधार सोडू नका. पावणेचार फुटांची पार्टिकलची फळी स्वतःच स्वतःच्या वजनाने वाकते, वर तुम्ही गाद्या ठेवल्या असणार. कायमचं वजन असलं की या बोर्डाला महिन्यागणिक बाक येत जातो, आणि रॉडही सोबत खाली येतो. मधे उभी फळी टाका, तळापासून. दोन खण होतील, एका बाजूला लांब कपडे, दुसरीकडे वर-खाली दोन रॉड.

---

रानजाई | सोमवार, दुपारी १२.२२

वर गाद्याच आहेत. तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का?

---

दुपारचा_चहा | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.५०

झालं!! दोन दिवस लागले. वृत्तांत देते, चुकांसकट.

टिंबर मार्केटमध्ये प्लायवाल्याने पट्ट्या कापून दिल्या, शंभर रुपये. बोहरी आळीतून एसएसचा इंची पाइप (पत्रा एक मिलिमीटर, कॅलिपरने दाखवायला लावला), बंद फ्लँज दोन, स्क्रू, सगळं मिळून पावणेपाचशे. दुकानदाराने विचारलं, "मिस्त्रीने पाठवलंय का?" मी म्हटलं मीच मिस्त्री. मग त्याने प्लॅस्टिकची फ्लँज परत ठेवून धातूची काढली. हे जरा लागलं, पण असो.

पहिली चूक. शनिवारी दुकानात जायच्या गडबडीत रॉडचं माप फळी सरळ करायच्या आधीचं दिलं. सूतभर दादांनी ठळक लिहूनसुद्धा. नशीब की ते माप जास्तीचं होतं. घरी कपाट काटकोनात आल्यावर रुंदी बरोबर ३४ झाली (टाळ्या), दोन पट्ट्यांचे ३६ मिलिमीटर गेले आणि रॉड लांब पडला. नवऱ्याने आक्सा ब्लेडने कापला, कानसीने कड घासली. शेजारच्या काकूंनी विचारलं, चांदीचं काय करताय.

कर्ण मोजण्याची गोष्ट मात्र जादू वाटली. दोन कर्णांत सुरुवातीला अर्ध्या इंचाचा फरक होता. दाबून बरोबर केला, पत्रा स्क्रूने लावला, तर दीड वर्ष घासत असलेलं मधलं दार आपोआप सरळ बंद व्हायला लागलं! आम्ही बिजागऱ्यांना शिव्या घालत होतो.

दुसरी चूक. पट्टी १८, फळी १५, म्हणजे ३३. दुकानातून ३५ चे स्क्रू आणले होते. पहिला स्क्रू आवळला आणि बाहेरच्या बाजूला दोन मिलिमीटरचं टोक निघालं. बाकीचे ३० चे आणून लावले. त्या भोकावर आता मुलीने मांजराचं स्टिकर लावलंय.

खालचे गुटके घातले. डाव्या बाजूला जमीन उतरती निघाली, तिथे गुटक्याखाली पुठ्ठ्याची पाचर.

भिंतीला कपाट बांधता आलं नाही, कारण वर लिहिलंय ते.

---

सूतभर | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.३०

शाबास. पुठ्ठ्याची पाचर पावसाळ्यात दबेल, तिथे प्लायचा पातळ काप किंवा लॅमिनेटचा तुकडा घाला.

कपडे लावायच्या आधी एक परीक्षा करा. पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार दोरीने रॉडच्या बरोबर मधोमध टांगा आणि रात्रभर राहू द्या. खाली गादी टाका.

आणि घरमालकांशी बोला. घरात लहान मूल आहे, स्टिकर लावणारं. दार उघडून कप्प्यावर पाय ठेवला की असं कपाट पुढे येतं. वरच्या कडेला दोन छोट्या एल पट्ट्या, दोनच भोकं. घर सोडताना पुट्टीने बुजतात. हे रॉडपेक्षा महत्त्वाचं.

---

किलोन्यूटन | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.४५

जारची परीक्षा योग्य. मधोमध टांगलेले वीस किलो रॉडला साधारण तेवढेच वाकवतात जेवढे पसरलेले बत्तीस. म्हणजे तुमचे कपडेच झाले.

भिंत कसली आहे ते आधी बघा. हलक्या राखाडी ब्लॉकची असेल तर साधा प्लग फिरत राहतो, त्यासाठीचे लांब नायलॉन प्लग वेगळे मिळतात. खराडीतल्या नव्या टॉवरांत काही ठिकाणी अख्खी भिंत काँक्रीटची असते, तिथे लग्नात आलेलं ड्रिल रडेल. हॅमरवालं लागेल.

---

दुपारचा_चहा | सोमवार, सकाळी ८.१५

जार रात्रभर टांगला. दोन टोकांना दोरा ताणून बांधला होता, मधे अंतर मोजलं, अडीच मिलिमीटर. सकाळी जार काढल्यावर शून्य. किलोन्यूटन, तुमचं गणित आमच्या बेडरूममध्ये सिद्ध झालं.

घरमालकांना फोन केला. मुलीचं नाव घेतल्यावर लगेच हो म्हणाले. भिंत काँक्रीटची निघाली. ड्रिल खरंच रडलं. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून हॅमर ड्रिल आणलं, दहा मिनिटांत काम.

जीन्स घडी घालून कप्प्यात गेल्या. कागदोपत्री त्यांचं स्थलांतर तात्पुरतं आहे.

---

उगाच_एक | सोमवार, सकाळी ९.००

मान्य. छान झालंय. फोटो टाका.

---

दुपारचा_चहा | दिवाळीनंतरचा मंगळवार, रात्री १०.२०

धागा वर काढतेय. पावसाळा आणि दिवाळी दोन्ही पार पडलं. पाहुण्यांचे कपडेही याच रॉडवर होते, रुंदी आजही ३४ इंच. पुठ्ठ्याच्या जागी लॅमिनेट घातलं होतं.

ज्यांनी टाकून द्या म्हटलं होतं ते सुतारकाका शेजारी कामाला आले होते, त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी रॉडला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं (!), मग खाली वाकून गुटके शोधले. म्हणाले, "कोणी सांगितलं हे?" मी म्हटलं, सूतभर. म्हणाले, "कुठल्या गावचे?"

आता नवीन प्रश्न. तिसऱ्या दारामागच्या कप्प्यांतली मधली फळी वाकायला लागली आहे. त्यावर जीन्स आहेत. वेगळा धागा काढू का?

---

सूतभर | दिवाळीनंतरचा बुधवार, सकाळी ६.५५

इथेच विचारा. फळी किती लांब, आणि दोन्ही टोकांना टेकलीय कशावर, पिनांवर की पट्टीवर?